देठ कुणाचा? पेडंकल, पेडिसेल, पेटिओल आणि त्यांचे स्पॅनिश शब्द

'पेडंकल' हा शब्द पहिल्यांदा समोर आला की आपण डिक्शनरी उघडतो, तिथे लिहिलेलं असतं देठ. पुढच्या ओळीत 'पेडिसेल' येतो, त्याचाही अर्थ देठ. मग 'पेटिओल', तोही देठ, 'स्टाइप', परत देठच, आणि तासाभरात वाटायला लागतं की एकाच गोष्टीला उगाच दहा नावं देऊन ठेवलीत. तसं नाहीये. बोलताना आपलं देठ या एका शब्दावर भागतं कारण वस्तू हातात असते, मिरचीचा देठ काढ म्हटलं की कुणी पान शोधत नाही. पण झाडाचं लेखी वर्णन वाचताना झाड समोर नसतं आणि तिथे एका चुकीच्या देठाने अख्खी ओळख चुकते. मजकूर स्पॅनिश असेल तर अजून पंचाईत, कारण तिकडे शास्त्रातले शब्द वेगळे, शेतातले वेगळे, आणि काही शब्द तर दोन्हीकडे आहेत पण अर्थ वेगवेगळे.

मी स्पॅनिशमधली वनस्पतींची आणि प्राण्यांची वर्णनं मराठीत आणते, त्यात जिथे जिथे अडखळले ते सगळं इथे क्रमाने लिहितेय. बायोलॉजी शिकणारे, भाषांतर करणारे, नुसती हौस म्हणून झाडं ओळखणारे, कुणालाही चालेल. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच मनात पक्की करा, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे: शब्दाकडे नंतर बघायचं, आधी विचारायचं की हा देठ कुणाला उचलून धरतोय.

उच्चाराबद्दल जाता जाता. स्पॅनिश शब्द मी कानाला येतात तसे लिहिलेत. ज्या शब्दात मी 'से' किंवा 'सी' लिहिलंय तिथे स्पेनच्या बऱ्याच भागात 'थे', 'थी' ऐकू येईल, म्हणजे लॅटिन अमेरिकेत पेदिसेलो आणि माद्रिदला पेदिथेलो, शब्द एकच. हा फरक फक्त सी आणि झेड या अक्षरांना आहे, एस ला नाही.

पायरी १: एक फुललेला कांदा समोर ठेवा

खरंच ठेवा, किंवा निदान फोटो काढून बघा, कारण पेडंकल आणि पेडिसेल यांच्यातला फरक वाचून जेवढा कळत नाही तेवढा इथे दोन मिनिटांत कळतो. कांद्याला फुलं येतात तेव्हा मधून एक हिरवा पोकळ दांडा सरळ वर जातो (शेतकरी त्याला डेंगळा म्हणतात), दांड्याला एकही पान नसतं, खालच्या अर्ध्या भागात तो जरा फुगीर असतो, आणि टोकाला पांढऱ्या फुलांचा चेंडू. आता तो चेंडू बोटांनी हळूच उघडा. आत दिसेल की प्रत्येक फुलाला स्वतःची काडी आहे, सुतासारखी बारीक, आणि या सगळ्या काड्या एकाच बिंदूतून निघाल्यात.

तो जाड दांडा म्हणजे पेडंकल, अख्खा फुलोरा उचलणारा. ती बारीक काडी म्हणजे पेडिसेल, फुलोऱ्यातलं एकच फूल उचलणारी. स्पॅनिशमध्ये पेदूंकुलो आणि पेदिसेलो. पेदूंकुलो म्हणताना जोर 'दूं'वर द्यायचा आणि लिहिताना तिथल्या यू वर आघाताची रेघ काढायची, ती विसरलात तर शब्द चुकीचा लिहिला असं धरतात. दोन्ही शब्द पुल्लिंगी.

कांद्याच्या दांड्याला आणखी एक खास नाव आहे, स्केप, स्पॅनिशमध्ये एस्कापो. जमिनीलगतच्या पानांच्या झुबक्यातून थेट वर आलेला, अंगावर पानं नसलेला पेडंकल म्हणजे स्केप. म्हणजे सगळे स्केप पेडंकल असतात पण सगळे पेडंकल स्केप नसतात. वर्णनात एस्कापो दिसलं की झाड न बघताही तुम्हाला कळतं की पानं खाली आहेत आणि दांडा उघडा आहे.

मग फूल एकटंच असेल तर? काटेकोर लिहिणारे एकट्या फुलाच्या देठालाही पेडंकल म्हणतात, पण पेडिसेल म्हणणारेही भरपूर आहेत, स्पॅनिशमध्येही तेच. इथे भांडत बसू नका, लेखकाने जे लिहिलंय ते ठेवा, फक्त एकाच मजकुरात एकाच गोष्टीला एकदा हे आणि एकदा ते असं करू नका.

सूर्यफूल मात्र नवख्या माणसाला हमखास फसवतं. एवढं मोठं एक फूल, म्हणून त्याच्या देठाला पेडिसेल म्हणावंसं वाटतं. पण ते एक फूल नाहीये, शेकडो बारीक फुलांचा फुलोरा आहे, स्पॅनिशमध्ये त्याला कापीतुलो म्हणतात, म्हणून खालचा दांडा पेडंकल. आणि आतल्या बारीक फुलांना देठच नाही, ती थेट थाळीवर बसलेली असतात. झेंडू, शेवंती यांचंही तसंच.

पेडंकल जिथे संपतो आणि फुलं फुटायला लागतात तिथून पुढच्या मधल्या कण्याला रॅकिस म्हणतात, स्पॅनिशमध्ये राकिस, अनेकवचनातही राकिसच राहतो. द्राक्षाचा घड डोळ्यासमोर आणा: वेलीला जोडणारा भाग पेडंकल, द्राक्षं खाऊन झाल्यावर हातात राहतो तो फांद्याफांद्यांचा सांगाडा म्हणजे रॅकिस, आणि एकेका मण्याला धरून असलेली काडी पेडिसेल. वाइन करणारे स्पॅनिश लोक त्या सांगाड्याला रास्पोन किंवा एस्कोबाखो म्हणतात आणि मणी काढून घेण्याच्या कामाला देस्पालियादो, हे शब्द बॉटनीच्या पुस्तकात शोधून सापडणार नाहीत. शिवाय द्राक्षाच्या घडाला रोजच्या स्पॅनिशमध्ये रासिमो म्हणतात, पण बॉटनीत रासिमो हा फुलोऱ्याचा एक ठराविक प्रकार आहे (एका कण्यावर देठवाली फुलं), आणि द्राक्षाचा फुलोरा त्या प्रकारात बसत नाही, तो फांद्या फुटलेला असतो. त्याच कण्यावर फुलं देठाशिवाय बसली की तो रासिमो न राहता एस्पीगा होतो, म्हणजे कणीस. एका बारीकशा पेडिसेलवरून फुलोऱ्याचं नाव बदलतं, म्हणून मी एवढं घोळवून सांगतेय.

पायरी २: पानाचा देठ वेगळा काढा

पानाच्या देठाला पेटिओल म्हणतात, पाठ्यपुस्तकी मराठीत पर्णवृंत. स्पॅनिशमध्ये पेसीओलो. 'सीओ' असा तोडून म्हणा किंवा 'स्यो' असा जोडून म्हणा, रेघ देऊन लिहा किंवा न देता लिहा, दोन्ही रूपं रेआल अकादेमियाच्या (स्पॅनिश भाषेची अधिकृत अकादमी) शब्दकोशात मान्य आहेत. एक लक्षात ठेवा, आपण रोमन लिपीत पेटिओल लिहिताना टी लिहितो, स्पॅनिशमध्ये तिथे सी येतो. शोधताना टी टाकलात तर काहीच सापडत नाही आणि माणूस समजतो की शब्दच नाही.

फुलाचा आणि पानाचा देठ वेगळ्या नावाने ओळखायची शिस्त जुनी आहे, स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने १७५१ साली आपल्या बॉटनीच्या व्याख्या मांडल्या तेव्हा पानाला उचलणारा तो पेटिओलस आणि फूल-फळाला उचलणारा तो पेडंक्युलस असं लॅटिनमध्ये स्पष्ट वेगळं केलं होतं. आजचे शब्द तिथूनच चालत आलेत.

आता गुलाबाचं पान घ्या. नवीन माणूस त्याच्या एका तुकड्याला पान समजतो आणि म्हणतो की देठ जवळजवळ नाहीच. पण तो तुकडा म्हणजे पर्णिका, अख्खं पान म्हणजे पाच किंवा सात पर्णिका असलेली ती पूर्ण दांडी. तपासायची सोपी खूण सांगते, देठ फांदीला जिथे चिकटतो त्या बेचक्यात कळी किंवा कोंब असेल तर ते पान, नसेल तर पर्णिका. एकदा ही खूण कळली की मग नावं आपोआप बसतात: फांदीपासून पहिल्या पर्णिकेपर्यंतचा भाग पेटिओल, तिथून पुढे पर्णिका धरणारा कणा रॅकिस (हो, फुलोऱ्यातला तोच शब्द), आणि पर्णिकेचा स्वतःचा चिमुकला देठ पेटिओल्यूल, स्पॅनिशमध्ये पेसिओलूलो.

पेटिओल म्हणजे नेहमी काडीच असते असंही नाही. सेलरीचा आपण खातो तो दांडा पेटिओल आहे, रुबार्बचाही. जलपर्णी पाण्यावर तरंगते ती पेटिओल फुगून आत हवेच्या पोकळ्या झाल्यामुळे. काही अकेशियांमध्ये (बाभळीच्या जातकुळीतली झाडं) तर पेटिओलच चपटा होऊन पानाचं काम करतो, त्याला फिलोड म्हणतात, स्पॅनिशमध्ये फिलोदियो. खाण्याच्या जाड मांसल देठाला साध्या स्पॅनिशमध्ये पेंका म्हणतात, पण मेक्सिकोतला मजकूर असेल तर थांबा, तिथे निवडुंगाच्या अख्ख्या फड्यालाही पेंका म्हणतात आणि घायपाताच्या अख्ख्या पानालाही.

पायरी ३: देठ नाहीच असं लिहिलंय का ते बघा

देठ नसणं हीसुद्धा माहिती आहे. त्यासाठी शब्द आहे सेसाइल, स्पॅनिशमध्ये सेसिल, अनेकवचन सेसिलेस. मुळात लॅटिनमध्ये त्याचा अर्थ बसण्याशी जोडलेला आहे, म्हणून जुन्या स्पॅनिश पुस्तकांत आणि काही नव्यातही ओखा सेंतादा असं मिळतं, शब्दशः बसलेलं पान. मला हे फार आवडतं, कारण मराठीतही आपण फांदीला चिकटून बसलेलं पान असंच म्हणतो, तेव्हा इथे बिनधास्त 'बिनदेठाचं' किंवा 'चिकटून बसलेलं' लिहा. देठ अगदी नावाला असेल तर सुबसेसिल.

पायरी ४: विशेषणाच्या मागचा देठ शोधा

हा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण इथे मी स्वतः आपटले होते. युरोपातल्या ओक वृक्षांवरचा मजकूर होता, त्यात रोब्ले पेदुंकुलादो असं नाव आलं. मी सरळ लिहिलं 'लांब देठाच्या पानांचा ओक'. दोन दिवसांनी पानाचं वर्णन करायची ओळ आली आणि तिथे लिहिलेलं होतं की पानाचा देठ अगदी आखूड, जवळजवळ नाहीच. मग फोटो काढून बघितले तेव्हा उलगडा झाला. या ओकचं शास्त्रीय नाव क्वेर्कस रोबुर, आणि त्याची फळं, म्हणजे टोपी घातलेली ती एकॉर्न, लांब देठावर लोंबतात, तो देठ म्हणजे पेडंकल आणि नावातला पेदुंकुलादो त्या फळांबद्दल आहे. त्याच्या जवळच्या भावाला, क्वेर्कस पेत्रेआला, रोब्ले आल्बार म्हणतात आणि सेसाइल ओक असंही म्हणतात, त्याची फळं फांदीला चिकटून बसलेली असतात पण पानांना मात्र चांगला लांब देठ असतो. म्हणजे बरोब्बर उलटं. मी पानाचा देठ आणि फळाचा देठ यांची अदलाबदल केली होती आणि वाचणाऱ्याने त्यावर विसंबून दोन्ही झाडं नेमकी उलटी ओळखली असती.

तेव्हापासून विशेषण आलं की मी मूळ नामावर परत जाते. पेदुंकुलादो म्हणजे पेदूंकुलो असलेला, फूल किंवा फळ बघा. पेदिसेलादो, एकेकट्या फुलाचं बघा. पेसिओलादो, पान बघा. एस्तिपितादो, पुढे येतंय. मराठीत हे सगळं नुसतं 'देठयुक्त' करून टाकलं की माहिती मेली, 'फळाला लांब देठ असलेला' एवढे चार शब्द जास्त लागले तरी लागू देत.

पायरी ५: पाय या शब्दाचं कुटुंब लक्षात ठेवा

लॅटिनमध्ये पाय म्हणजे पेस, आणि पेडंकल, पेडिसेल, पेडिकल, पेटिओल या चारांच्याही मागे 'छोटा पाय' हाच अर्थ आहे. स्पॅनिशमध्ये आजही पायाला पिए म्हणतात. म्हणून हे शब्द एकमेकांसारखे दिसतात आणि म्हणूनच घाईत एकाच्या जागी दुसरा वाचला जातो. यातला पेदीकुलो (पेडिकलचं स्पॅनिश रूप, पायरी ८ मध्ये माणसाच्या शरीराबद्दल येतो) जपून वापरा. लॅटिनमध्ये अगदी तसाच दिसणारा शब्द उवेलाही होता, त्यामुळे पेदिकुलोसिस म्हणजे देठाचा कुठलाही विकार नसून उवा होणं.

दुसरी कामाची गोष्ट, एस आणि पुढे लगेच व्यंजन अशी सुरुवात स्पॅनिश जिभेला चालत नाही, आधी 'ए' लावतात. स्केपचं एस्कापो झालं, स्टाइपचं एस्तीपिते. अशा शब्दांचा स्पॅनिश अंदाज बांधायचा तर पुढे ए लावून शोधा, बऱ्याचदा सापडतो.

पायरी ६: एस्तीपिते, सेता आणि पेसोन या तिघांपासून सांभाळून

स्टाइप म्हणजे भूछत्राचा दांडा, छत्री ज्यावर उभी असते तो. स्पॅनिशमध्ये शास्त्रीय लिखाणात एस्तीपिते, भूछत्रं ओळखायच्या पुस्तकांत नुसतं पिए, म्हणजे पायच. समुद्रातल्या केल्प शेवाळाचा दांडा, नेच्याच्या पानाचा देठ, यांनाही स्टाइप म्हणतात. इथपर्यंत ठीक. पण स्पॅनिशमध्ये एस्तीपिते म्हणजे ताडा-माडासारख्या झाडाचं फांद्या नसलेलं अख्खं खोडही. वीस मीटरचा एस्तीपिते वाचून भूछत्राचा दांडा समजलात तर काय होईल विचार करा. वास्तुकलेत तर एस्तीपिते हा खाली निमुळता होत जाणाऱ्या खांबाचा प्रकार आहे, मेक्सिकोतल्या बरोक चर्चांच्या वर्णनात तो सतत भेटतो.

सेता. मॉसच्या बीजाणूंची कुपी ज्या केसासारख्या दांडीवर उभी असते तिला सेटा म्हणतात, स्पॅनिश बॉटनीतही सेता. पण स्पेनमध्ये रोजच्या बोलण्यात सेता म्हणजे भूछत्र. मॉसबद्दलच्या वाक्यात ऑटोमॅटिक भाषांतराने भूछत्रं उगवलेली मी बघितली आहेत.

आणि पेसोन. रेआल अकादेमियाच्या शब्दकोशात पेदूंकुलो बघाल तर तो तुम्हाला पेसोन या शब्दाकडे पाठवतो, पान, फुलोरा किंवा फळ धरणारी काडी या अर्थाने. मात्र पेसोनचा सगळ्यांना माहीत असलेला अर्थ स्तनाग्र आहे. लिंबाच्या टोकाला असतो तसा उंचवटाही पेसोन. म्हणून जुन्या शेतीच्या पुस्तकात हा शब्द आला की मागचं-पुढचं वाक्य वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. बोलीभाषेत देठाला राबीयो आणि काबीयोही म्हणतात, राबीयो म्हणजे छोटं शेपूट. आपण फळाचा देठ म्हणतो तिथे साधा स्पॅनिश माणूस राबो किंवा राबीयो म्हणेल. चेरीच्या बाबतीत बघा, बोलताना राबीयो, फळबागांच्या तांत्रिक लिखाणात पेदूंकुलो, आणि काटेकोर बॉटनीत तो पेदिसेलो, कारण झुबक्यातल्या एकेका चेरीची ती स्वतःची काडी आहे. तिन्ही आपापल्या जागी बरोबर.

एस्तीपुला दिसलं तर तो देठ नाही हेही इथेच सांगते, ती पानाच्या देठाच्या बुडाशी असणारी छोटी उपपर्णं.

पायरी ७: देठ फळासारखा दिसला तरी देठच

काजूचं बोंड. लाल किंवा पिवळं, रसाळ, आणि खाली लोंबणारी बी. खरं फळ ती खालची बी आहे, कठीण कवचातली, आणि वरचं बोंड म्हणजे फुगलेला देठ. फूल असताना ती एक साधी काडी असते, बी मोठी होत असताना सुरुवातीला बी पुढे जाते आणि देठ नंतर भराभर फुगतो. स्पॅनिशमध्ये याला सेउदोफ्रूतो म्हणजे आभासी फळ म्हणतात, झाडाला काही देशांत माराञोन आणि काही ठिकाणी आनाकार्दो.

भुईमुगाच्या आऱ्या हीसुद्धा देठाचीच करामत. फूल जमिनीच्या वर येतं, परागण झालं की अंडाशयाच्या खालचा भाग लांब होत जातो आणि टोकाशी अंडाशय घेऊन मातीत घुसतो, शेंग तिथे धरते. त्या दांड्याला गायनोफोर म्हणतात, स्पॅनिशमध्ये हिनोफोरो, शेतीच्या लिखाणात क्लावो, म्हणजे खिळा. पण क्लावो म्हणजे लवंगही, त्यामुळे भुईमुगाच्या लेखात लवंग आली तर ती आरी आहे हे ओळखा.

फुलाच्या आतले दोन देठ पटकन: पुंकेसराचा तंतू फिलामेंतो, आणि बीजांडाला अंडाशयाशी जोडणारा फुनीकुलो.

पायरी ८: मजकूर प्राण्यांचा आहे का?

इथे शब्द तेच, वस्तू वेगळ्या. खेकड्याचा डोळा ज्या दांडीवर असतो ती पेदूंकुलो ओकुलार. कोळंबी संवर्धनावरचं स्पॅनिश वाचाल तर आब्लासिओन देल पेदूंकुलो ओकुलार हे शब्द येतातच, मादी लवकर अंड्यावर यावी म्हणून एका डोळ्याची दांडी काढून टाकतात, कारण अंडाशयाची वाढ रोखणारं हार्मोन त्या दांडीतल्या ग्रंथीतून येतं. म्हणजे फक्त डोळा काढला असं भाषांतर केलं तर कारणच हरवतं, दांडी हा शब्द तिथे हवाच.

माशात पेदूंकुलो काउदाल म्हणजे शेपटीच्या पंखाच्या आधीचा निमुळता भाग. माशांच्या वर्णनात त्याची उंची आणि लांबी मोजून देतात. याला देठ लिहू नका, शेपटीकडचा निमुळता भाग असंच लिहा, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

परसेबे नावाचा बार्नकल स्पेनच्या गॅलिसिया किनाऱ्यावर लाटांच्या माऱ्यात खडकाला चिकटून राहतो, जाड काळपट दांडा आणि टोकाला कठीण कवचाचे तुकडे. तो दांडा म्हणजे पेदूंकुलो आणि खातात तोच. टोकाच्या कठीण भागाला ऊञा म्हणतात, म्हणजे नख.

मुंगीची कंबर ही पेटिओल, स्पॅनिशमध्ये पेसीओलो, पानाच्या देठाचाच शब्द. काही मुंग्यांत ती एका गाठीची, काहींत दोन गाठींची असते, दुसरीला पोस्पेसीओलो म्हणतात, आणि मुंगी ओळखताना पहिल्यांदा हेच मोजतात. कोळ्याच्या कमरेला मात्र पेदिसेलो. कीटकांच्या मिशीचा पहिला भाग एस्कापो, दुसरा पेदिसेलो, बाकीचा फ्लाखेलो, डासांमध्ये तो दुसरा भाग टपोरा असतो आणि त्यातल्या इंद्रियाने नर मादीच्या पंखांचा आवाज ऐकतो. तेव्हा एस्कापो दिसलं म्हणून लगेच कांद्याकडे धावू नका, आधी मजकूर कशाचा आहे ते बघा.

माणसाच्या शरीरात दोन शब्द वेगळे ठेवायचे. मेंदूत पेदूंकुलो: पेदूंकुलो सेरेब्राल, आणि अनुमस्तिष्काचे (लहान मेंदूचे) तीन जोड पेदूंकुलोस सेरेबेलोसोस, वरचा मध्यमस्तिष्काकडे, मधला पॉन्सकडे, खालचा लंबमज्जेकडे जाणारा. हे चेतातंतूंचे जाड जुडगे आहेत, मराठीत पेडंकल हाच शब्द ठेवून एकदा अर्थ सांगितलेला बरा. मणक्यात, मूत्रपिंडात आणि सर्जरीत पेदीकुलो: मणक्यात घालतात तो स्क्रू तोर्नीयो पेदिकुलार, रक्तवाहिन्या तशाच जोडलेल्या ठेवून सरकवलेला त्वचेचा तुकडा कोल्गाखो पेदिकुलादो. आतड्यातल्या पॉलिपला (आतल्या भिंतीवर वाढलेली गाठ) मात्र पेदिकुलादो आणि पेदुंकुलादो दोन्ही चालतं, दांडीवर लोंबणारा तो हा, आणि भिंतीला चिकटून बसलेला तो सेसिल. रिपोर्टमध्ये हा फरक नीट उतरवा, काढायची पद्धत ठरवताना डॉक्टर तो बघतात.

पायरी ९: शब्दकोश वापरायची रीत

स्पॅनिश शब्दकोशात अर्थाच्या आधी बारीक अक्षरात बॉट, सोओल, आनात अशा खुणा असतात, वनस्पती, प्राणी, शरीररचना. आधी खूण बघा, मग अर्थ. त्यानंतर शास्त्रीय नाव आणि स्पॅनिश शब्द एकत्र टाकून फोटो शोधा, फोटोत बाण दाखवलेला मिळाला तर सोन्याहून पिवळं. आणि आपली स्वतःची वही ठेवा, त्यात शब्द आणि अर्थ एवढंच न लिहिता 'काय उचलतो' असा तिसरा रकाना करा, माझं निम्मं काम त्या रकान्याने सोपं केलंय.

विशेषणं लिंग-वचनाप्रमाणे बदलतात हेही वहीत टिपा: फ्लोर पेदुंकुलादा, फ्लोरेस पेदुंकुलादास, फ्रूतो पेदुंकुलादो. हे व्याकरण म्हणून रटाळ वाटतं पण अर्थ लावायला तेच उपयोगी पडतं. ही ओळ बघा, अशा ओळी वर्णनांत नेहमी असतात:

ओखास इन्फेरियोरेस पेसिओलादास, लास सुपेरियोरेस सेसिलेस. पेदूंकुलो दे ८ आ १० सेंतीमेत्रोस. पेदिसेलोस मास कोर्तोस के एल कालिस.

'लास सुपेरियोरेस' म्हणजे वरची, पण वरची काय? लास आहे म्हणजे स्त्रीलिंगी अनेकवचन, पानंही स्त्रीलिंगी आणि फुलंही स्त्रीलिंगी, पण स्वल्पविरामाच्या आधी फक्त पानांचा विषय चाललाय, म्हणून वरची पानं. पुढे पेदूंकुलो एकवचनी, म्हणजे फुलोऱ्याचा दांडा एकच, आणि पेदिसेलोस अनेकवचनी, म्हणजे फुलांच्या काड्या. कालिस म्हणजे निदलपुंज, फुलाच्या बुडाशी असलेला हिरवा भाग. आता मराठीत: 'खालच्या पानांना देठ असतो, वरची पानं खोडाला चिकटून बसलेली, फुलोऱ्याचा दांडा ८ ते १० सेंटीमीटर, एकेका फुलाची काडी त्याच्या निदलपुंजापेक्षा आखूड.' तीन प्रकारचे देठ आले, त्यातल्या एकालाच देठ म्हटलं, दुसऱ्याला दांडा, तिसऱ्याला काडी, आणि देठासाठी एकही इंग्रजी शब्द लागला नाही.